बंडीपुरती वाट

मूर्तिजापूर मागं पडलं की रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. दिवाळी सरते, कापसानं ठासून भरलेले ट्रॅक्टर जिनिंगच्या वाटेला लागतात, ताडपत्रीखालून बाहेर आलेला कापूस बाभळीच्या काट्यांत अडकतो आणि पुढं महिना-दोन महिने तिथंच फडफडत राहतो. यंदाही अडकला. अकोला-अमरावती बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं खिडकीतून मोबाईल बाहेर काढून त्याचे फोटो घेतले आणि "किती क्यूट ना, मॅडम," असं ती मला म्हणाली. मी हसले. खरं तर हा कापूस दिसला की दरवर्षी माझं डोकं तापतं. ऋतू बदलला की लोकांना काय काय सुचतं म्हणे. मला भांडण आठवतं. तेही असं, की ज्यात कुणाशी भांडायचं हेच शेवटपर्यंत कळलं नाही.

कंडक्टर नवा होता. चिंचखेडचं तिकीट मागितलं तर म्हणाला, "हे कुठी आलं, बाई?" मागच्या सीटवरून एकानं त्याला समजावलं, "अरे, नंदनवन विहारचा स्टॉप. तिथं मांगं जुनं खेडं हाय ना थोडंसं, तेच." त्या थोड्याशात माझा जन्म झाला, त्या थोड्याशात अजून माझी माय राहते.  मी नंदनवन विहारचं तिकीट घेतलं.

आमचं गाव कुठं गेलं नाही, ते होतं तिथंच आहे. अमरावतीच आमच्याकडे चालत आली. आधी वीटभट्ट्या आल्या, मग एक कॉलेज, मग लग्नाचे लॉन, आणि लॉनच्या मागोमाग चुना फासलेले दगड. वावरात असे दगड ओळीनं रोवलेले दिसले की समजायचं, हे वावर आता पिकणार नाही, इथं ले-आऊट पडलं. माझ्या लहानपणी बाबा मला बैलांच्या बंडीत बसवून शहरात न्यायचे तेव्हा शहर लागायच्या आत आमची शिदोरी संपून जायची. संध्याकाळी परत येताना डुलकी लागलेली असायची, पण चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास आला की डोळे न उघडताच गाव आलं हे कळायचं. आता त्याच रस्त्यावर दाबेलीचा, पेट्रोलचा आणि ओल्या सिमेंटचा वास येतो. त्यावरून कुठलं गाव आलं ते कुणाच्या बापाला कळणार नाही.

शहर वाढलं, असं सगळे म्हणतात. नातेवाईक तर मायचं अभिनंदन करायचे. "तुमच्या वावराचं सोनं झालं, मामी." लग्नात, बारशात, अगदी मयतीतसुद्धा कुणीतरी बाजूला घेऊन हे सोन्याचं सांगायचंच. आणि ज्या वर्षी हे सांगणारे सगळ्यात जास्त भेटले, त्याच वर्षी माझ्या मायला त्या सोन्यातून कापसाचं एक गाठोडं बाहेर काढता येत नव्हतं.

ते नेमकं कसं झालं हे सांगायचं तर आधी आमची वाट सांगायला हवी. गावठाण संपलं की रशीदचाचांचं वावर, त्याच्यापलीकडे आमचं, आणि आमच्यापलीकडे नाला. आमच्या वावराला स्वतःचा रस्ता नव्हता. बंडी रशीदचाचांच्या धुऱ्यावरून, म्हणजे त्यांच्या बांधावरून जायची. बाबांच्या आधीपासून जायची, आणि चाकांनी तिथं अशी चाकोरी पडली होती की बैल हाकावे लागत नसत. गावात सगळ्यांचंच असं होतं. कुणाची वाट कुणाच्या मुगातून, कुणाची कुणाच्या ज्वारीच्या कडेनं. धुऱ्यावरून भांडणं व्हायची, डोकी फुटायची, पण वाट कुणी कुणाची अडवली नाही. उभ्या हंगामात माणसाच्या बंडीपुढं आडवं होणं ही आमच्याकडे शिवी देण्याच्या पलीकडची गोष्ट होती.

रशीदचाचांनी वावर विकायचं ठरवलं तेव्हा ते आधी मायकडे आले. बाबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मी अकोल्याला शाळेत शिकवत होते आणि माय एकटीनं शेती करायची. चाचांच्या पोरांना शेती नको होती. एकाचं वेल्डिंगचं दुकान, दुसरा नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात. चाचा ओसरीवर बसले, चहा पिऊन झाला, आणि मग म्हणाले, "वैनी, जमाना खराब हाय. माह्या जित्तेपनी वाटंची लिखापढी करून घ्या. मी सही देतो. उद्या मालक बदलन."

मायला ते आवडलं नाही. तिनं कप उचलले आणि आतूनच उत्तर दिलं, "तुमाले भाऊ म्हनते अन् तुमच्यापासून कागद करून घेऊ? गावात तोंड दाखवाले जागा राह्यन का मले?"

मी तिथंच होते. मला त्या क्षणी आईचा अभिमान वाटला होता. आज विचार करते तेव्हा त्या अभिमानाचं काय करावं ते कळत नाही. शहरातला कुणी माणूस ही चूक करणार नाही. लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, आणि रशीदभाऊंवर अविश्वास दाखवणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला काळं फासणं, असं मायला मनापासून वाटत होतं. चाचांनाही तिचं म्हणणं पटलं, हे आणखी वाईट. त्यांनी सौद्याच्या वेळी ले-आऊटवाल्याला सांगितलं, "बाईची बंडी जाऊ द्यान." तो म्हणाला, "हो हो, चाचा, ते काय सांगायचं!" आणि चाचा घरी येऊन मायला म्हणाले, बोलून ठेवलं. तेवढ्यावर दोघं निर्धास्त झाली.

तो हंगाम सुरू झाला तेव्हा रशीदचाचांच्या वावरात नंदनवन विहारची सात-आठ घरं उभी राहिली होती, बाकी प्लॉट मोकळे होते. चाकोरी दिसत होती. दिवाळीच्या सुमारास मायनं सीतादही केलं. आमच्याकडे कापसाला पहिल्यांदा हात लावायच्या आधी हे करतात. धुऱ्याजवळचं एक भरलेलं झाड बघायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, बुडाशी दहीभात ठेवायचा, थोडा चहूकडे शिंपडायचा, वावर दह्यासारखं पांढरं होऊ दे म्हणायचं आणि उरलेला दहीभात सगळ्या बायांनी तिथंच पंगत करून खायचा. हे दही नेहमी रशीदचाचांच्या म्हशीचं असायचं. चाचीनं आदल्या संध्याकाळी गाडग्यात लावलेलं असायचं आणि ते इतकं घट्ट असायचं की गाडगं उपडं केलं तरी पडत नसे. त्या वर्षी वावराबरोबर म्हैसही गेली होती. मी अमरावतीच्या दुकानातून पिशवीतलं दही आणलं. मायनं पिशवी हातात उलटीपालटी करून पाहिली आणि ती म्हणाली, "आता हे वावराले कसं समजावू?"

बाया हसल्या. वेचणीच्या टोळीची म्होरकी शांतामावशी तर मोठ्यानं हसली. ती नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवून, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून सगळ्यांच्या पुढं असायची. बंडीही तिच्या नवऱ्याचीच होती. पहिली वेच हलकीच असते. ती बंडीत भरून, मोकळ्या प्लॉटांमधून, नेहमीच्या चाकोरीनं घरी आली. संध्याकाळी कापसाच्या ढिगावर रेलून बसल्यावर पाठीला जी ऊब लागते ती मला फार आवडते. नंतर अंगाला खाज सुटते ती वेगळी. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटलेली, त्यांवर हळद-तेल, आणि घरभर सरकीचा तो कोंदट, गोडसर वास. त्या रात्रभराच्या खाजेसकट ते सगळं मला आता हवं आहे, पण कुणाकडे मागू?

त्यानंतर मी अकोल्याला गेले. दोन-तीन शनिवारांनी परत आले तर आमच्या आणि रशीदचाचांच्या वावरांच्या मध्ये भिंत होती. पुरुषभर उंच, वर काचा खोचायच्या राहिलेल्या, सिमेंट अजून ओलं. नंदनवन विहारात सेंट्रिंगचं सामान चोरीला जात होतं म्हणून रहिवाशांनी मागची बाजू बंद करून घेतली होती. माय त्या भिंतीपाशी उभी होती. रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. ती म्हणाली, "गडबडीत त्याईनं दरवाजा सोडाचा राह्यला असन. सांगून पाहू." तिला ती विसरभोळेपणाची चूक वाटली होती.

सांगून पाहण्यात आमचे पंधरा दिवस गेले. रशीदचाचा ले-आऊटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चाचा, माझ्या हातात काही नाही, आता ते सोसायटीवाल्यांचं. सोसायटीवाले म्हणाले, आम्हाला जसं विकलं तसं आम्ही घेतलं, वाट आहे असं कुणी सांगितलं नाही. मग एका सरकारी कचेरीत गेलो. तिथं एका शांत माणसानं सांगितलं, वहिवाट असल्याचं दाखवा, मग बघू. माय म्हणाली, "चाकोरी होती ना साहेब, तिच्यावरच त्याईनं सिमेंट टाकलं. आता कुठून दाखवू?" त्या माणसानं सहानुभूतीनं मान हलवली. त्या पंधरा दिवसांत भेटलेला एकही माणूस वाईट बोलला नाही, हे मला आजही सहन होत नाही. कुणी खेकसला असता तर निदान बोंब तरी मारता आली असती.

सगळ्यात गोड होते वानखडे सर. दर्यापूरकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, नंदनवन विहारच्या कमिटीत मुख्य. समोरच्या मोठ्या गेटची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी मायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काकू, मी पण कास्तकाराचाच मुलगा. माझा भाऊ अजून वावरात राबतो. मला काय कळत नाही? पण आज तुमच्यासाठी भिंत फोडली की उद्या दुसरा येतो. आणि बंडी आत आली की शेण पडतं, कापूस उडतो, लोक तक्रारी करतात." माय म्हणाली, "लोक म्हंजे कोन, सर?" सर म्हणाले, "लोक म्हणजे आपलेच." आणि ते खरंच होतं. त्या सात-आठ घरांत एकही माणूस शहरात जन्मलेला नव्हता. कुणी दर्यापूरचा, कुणी मोर्शीकडचा, कुणाच्या घरी संत्र्याचा बगीचा, कुणाच्या घरी तूर. सगळ्यांनी शेणाच्या वासातून पळ काढून हे घर बांधलं होतं, आणि तो वास पाठीमागच्या वावरातून पुन्हा आत येऊ नये एवढीच त्यांची धडपड होती. मला ते समजत होतं. समजत होतं म्हणून तर जास्त चीड येत होती.

दुसरी वाट नव्हती का? होती, नाल्याच्या काठानं. एक माणूस भिंतीला धरून जेमतेम जाईल एवढी. आमचा नाला पूर्वी उन्हाळ्यात आटायचा. आता वरच्या कॉलन्यांचं सांडपाणी त्यात बारमाही वाहतं, काठ कायम निसरडा. बाया रिकाम्या हातानं तेवढ्यावरून यायच्या. डोक्यावर गाठोडं घेऊन त्या बाजूनं जाणं म्हणजे गाठोड्यासकट घाणीत जाणं. शांतामावशीनं एकदा करून पाहिलं. कापूसही गेला आणि लुगडंही. ती चिखलातून वर येत म्हणाली, "नंदनवनात भांडे घासाले जातो त तेच गेट उघडतेत. कापूस घेऊन आलो त आमी चोर?" ती खरंच सकाळी तिथं दोन घरी कामाला जायची.

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात असायचं आणि कशासाठी असायचं ते सांगायला नको. गावोगाव पाहणी करणारे लोक यायचे. आमच्याकडेही आले, पांढऱ्या गाडीतून, मानेला टॉवेल गुंडाळून. मायच्या ओसरीवर बसून एकानं विचारलं, "कर्ज किती आहे, मावशी?" माय म्हणाली, "कर्ज नाई, साहेब. वाट नाई." त्यांना ते कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हात करून दिशा दाखवली. कापूस फुटून झाडावर लोंबतोय, बाहेर काढता येत नाही, दोन माणसं पाठवा. साहेबांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं आणि मायला म्हणाले, "म्हणजे कर्ज नाही. बरं आहे मग तुमचं." आणि खूश होऊन गेले. माय त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हणाली, "बाई, मले वाटते मीच चुकीचं बोलून राह्यली. दुसऱ्याईले कसं समजते?"

दुसरी वेच सगळ्यात मोठी असते. सगळं वावर फुटलं होतं. ऊन चढलं की बोंडांतून कापूस खाली ओघळायचा, आणि ओघळलेल्याला माती, पाचोळा लागायचा. बायांनी वेचून वेचून गाठोडी भिंतीच्या कडेला आणून रचली होती. आणि एका रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. हिवाळ्यातलं ते मळकट आभाळ मला फार घाण वाटतं. पावसाळ्यात ज्याची वाट पाहावी ते तेव्हा येत नाही, आणि आता बघा. भिजलेला कापूस पिवळा पडतो, आतल्या सरकीला कोंब फुटतात, मग त्याला व्यापारी हातही लावत नाहीत. माय आभाळाकडे पाहत होती आणि भिंतीकडे पाहत होती. मी वानखडे सरांच्या घरी गेले. गेट उघडा, दुपारपुरतंच, बंडी भिंतीपाशी येईल आणि गाठोडी घेऊन जाईल. सर म्हणाले, कमिटीची मीटिंग घ्यावी लागेल. मी म्हटलं, पाऊस मीटिंगला थांबणार नाही. ते म्हणाले, "तुमची तळमळ समजते, मॅडम."

मी बाहेर आले तर गेटपाशी रशीदचाचा त्यांची हातगाडी घेऊन उभे होते. वावर विकल्यापासून त्यांचे हात स्वस्थ बसत नसत, म्हणून ते नंदनवन विहारात गाडीवर भाजी विकायचे. ज्या मातीत वांगी पिकवली तिच्यावरच्या सिमेंटवरून ओरडत जायचं, वांगी घ्या, पालक घ्या. चौकीदार त्यांना रोज आत सोडायचा. भाजीवाल्याला मनाई नव्हती. चाचांनी माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता गाडीवरची सगळी भाजी खाली, रस्त्याच्या कडेला पोत्यावर काढून ठेवली. म्हणाले, "तू मायले सांग, गाठोडे भित्तीवरून देऊन राहा म्हना. मी इकून आहोच."

मग ते सुरू झालं. पलीकडून शांतामावशी आणि बाया गाठोडं दोन्ही हातांनी वर द्यायच्या, भिंतीवर टेकवायच्या, इकडून चाचा आणि मी ओढून घ्यायचो. हातगाडीवर तीन-चार गाठोडी बसायची, वरून ताडपत्री, तिच्यावर चाचा कोथिंबिरीच्या जुड्या टाकायचे. गेटमधून बाहेर रस्त्यावर शांतामावशीचा नवरा बंडी घेऊन उभा होता, तिथं रिकामी करायची की परत. चौकीदार प्रत्येक वेळी कोथिंबिरीकडे पाहायचा आणि दुसरीकडे तोंड करायचा. त्याचंही गाव असणार कुठंतरी. चाचांचं वय झालेलं, श्वास भात्यासारखा चाललेला. मी म्हटलं, चाचा, बसा जरा. तर म्हणाले, "बेटा, मी बोललो होतो ना वैनीले, का बोलून ठेवलं म्हनून." एवढंच म्हणाले आणि गाडी ढकलायला लागले.

वानखडे सर गच्चीवरून सगळं पाहत होते. ते खाली आले तेव्हा मला वाटलं, आता बंद करायला सांगतील. नाही सांगितलं. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. आम्हाला दिला आणि मग टाचा उंचावून भिंतीवरून मायच्या हातात कप दिला. "घ्या काकू, थंडी वाढली." गेटची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, वाकले तेव्हा ती वाजली. मायनं चहा घेतला, कप परत दिला, "उपकार झाले" असं म्हणाली. मला तो कप भिंतीवर आपटावासा वाटत होता. पण आपटून काय सांगणार? ज्याला कप द्यायचं सुचतं त्याला किल्ली काढायचं कसं सुचत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही, आणि ते त्यांनाही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

तिसऱ्या प्रहरी पाऊस आला. टपोऱ्या थेंबांचा, घाईचा. निम्म्याहून थोडी जास्त गाठोडी बाहेर निघाली होती. उरलेली भिंतीच्या पलीकडे होती, आणि झाडांवरचा तर वेचायचाच होता. बायांनी अंगावरची पोती काढून गाठोड्यांवर टाकली आणि स्वतः भिजत उभ्या राहिल्या. माय मात्र वावरात आत गेली. मी हातगाडीवर चढले तेव्हा भिंतीवरून मला तिचं फक्त डोकं दिसत होतं. ती पावसात वेचत होती, ओला कापूस, दोन्ही हातांनी. मी ओरडले, "माय, सोड आता!" तिनं ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी नंदनवन विहारच्या रस्त्यावर जागोजाग कापूस चिकटलेला होता, ओल्या सिमेंटवर, कुणाच्या पायरीवर, कुणाच्या नव्या मोटरसायकलच्या चाकात. तक्रार झाली. चौकीदाराला समज मिळाली आणि भाजीच्या हातगाड्या गेटच्या बाहेरच थांबतील असा नियम झाला. रशीदचाचांचा आपल्याच जुन्या वावरात शिरायचा रस्ताही असा बंद झाला. त्यांनी मायला हे कळू दिलं नाही, शांतामावशीनं सांगितलं. माय त्यांच्या घरी गेली तर चाचा म्हणाले, "बरं झालं, वैनी, माहे गुडघे तसेबी दुखत होते."

पुढच्या वर्षी पेरणी झाली नाही. नांगर, वखर, बैल, यांतलं काहीच भिंतीवरून देता येत नाही. माय नाल्याच्या काठानं जायची, धुऱ्यावर बसायची आणि परत यायची. वावर पडीत पडलं, त्यात गाजरगवत माजलं, आणि भिंतीवरून पलीकडचे लोक फुटक्या कुंड्या, गणपतीचं निर्माल्य, जुन्या उशा टाकायला लागले. उशीतला कापूस वावरात पसरलेला पाहून माय एकदा म्हणाली, "एवढाच पिकला औंदा." बोलली आणि हसली, मला हसू आलं नाही.

शेवटी तिनं वावर विकलं. विकत घ्यायला दुसरा कोण येणार? ज्या वावराला वाट नाही ते वावर ज्यानं वाट बंद केली त्याच्याच कामाचं. ले-आऊटवाला पेढ्यांचा डबा घेऊन आला, मायच्या पाया पडला, म्हणाला, "काकू, वाट नसलेली जमीन कोणी घेत नाही, पण तुमचं-आमचं घरचं नातं आहे." मायनं सही केली. तिनं आयुष्यात केलेली ती पहिली लिखापढी. नातेवाईक म्हणाले, चला, सुटली एकदाची. गाव तोवर महानगरपालिकेत गेलं होतं, ग्रामपंचायतीच्या पाटीवर पोस्टरं चिकटली होती. मायचा हंगाम संपला होता. दिवाळीनंतर सकाळी ती अजून लवकर उठायची, चुलीपुढं बसायची आणि मग आपल्याला कुठं जायचं नाही हे आठवून तिथंच बसून राहायची. अजूनही बसते. परवा मी पोचले तेव्हाही तशीच बसलेली होती.

विकल्यानंतर महिनाभरातली गोष्ट. मी सुट्टीत गावी होते. रशीदचाचा सकाळीच आले आणि ओसरीच्या पायरीशी उभे राहिले, वर येईनात. माय म्हणाली, "बसा ना भाऊ, काहून उभे?" ते म्हणाले, "वैनी, येता का जरासं? पाहून घ्या एकडाव." आम्ही तिघं निघालो. नंदनवन विहारचं मोठं गेट सताड उघडं होतं, ट्रक येत-जात होते, चौकीदारानं आम्हाला विचारलंही नाही. घरं ओलांडून मागं गेलो तर भिंत नव्हती. जेसीबीनं एका दुपारीच पाडली म्हणे. आणि भिंत होती तिथून, जुन्या धुऱ्यावरून, चाकोरीच्या बरोबर वरून, थेट आमच्या वावराच्या मध्यापर्यंत नवाकोरा डांबरी रस्ता गेला होता. काळा, गुळगुळीत, दोन्ही कडांना पिवळे पट्टे. आमच्या वावरात प्लॉट पाडायचे होते आणि प्लॉटांना रस्ता लागतो.

माय रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डांबर अजून कोमट होतं, तिनं चपलेतून पाय काढून बघितलं. या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती काही हिशोब लागत नसल्यासारखी रशीदचाचांकडे वळली.

"भाऊ, इथून आपली बंडी गेली असती ना?"

चाचांनी रस्त्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्याकडेही पाहिलं नाही.

"दोन गेल्या असत्या, वैनी," ते म्हणाले. "समोरासमोर."